फ्लोराइडचे सूक्ष्म स्फटिक : आकार कोण ठरवितो?

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी धम्म, चळवळ, शिष्यवृत्त्या आणि नोकऱ्या यांविषयीचे लेख असतात. विज्ञानावरचा लेख क्वचितच येतो, आणि आला तरी तो बहुधा कौतुकाचा असतो, समजावून सांगणारा नसतो. मुळशी तालुक्यातील आपल्या समाजातील मुलेमुली आता रसायनशास्त्र घेऊन एम.एस्सी.पर्यंत पोहोचली आहेत. पौड, पिरंगुट, हिंजवडीकडून रोज बसने पुण्यास जाणाऱ्या एखाद्या मुलीच्या हाती प्रकल्पाचा विषय येतो : ‘जलऔष्णिक पद्धतीने अकार्बनी फ्लोराइडच्या सूक्ष्म स्फटिकांचे आकार-नियंत्रण’. घरी आईवडील विचारतात, बाई, हे काय असते? तिला सांगता येत नाही, कारण तिलाही ते मराठीत कोणी सांगितलेले नसते. यास्तव प्रस्तुत लेखात आम्ही हा एकच विषय घेतला आहे. तो जमेल तितका सोपा करू. परंतु जेथे तो अवघड आहे तेथे अवघडच ठेवू. अवघड गोष्ट सोपी असल्याचे भासवून विद्यार्थ्यांचे भले होत नाही.

आरंभ आपल्या पायांखालच्या दगडापासून करू. मुळशीचे डोंगर काळ्या कातळाचे, म्हणजे बेसॉल्टचे आहेत. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर साचले आणि दख्खनचे पठार तयार झाले. लाव्हा थिजताना त्यात अडकलेल्या वायूंच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या. पुढे त्या पोकळ्यांत गरम पाणी झिरपले. त्या पाण्याने आजूबाजूच्या खडकातले क्षार विरघळवून आणले आणि हळूहळू पोकळीच्या भिंतींवर स्फटिकांच्या रूपाने जमविले. दगडखाणीत सुरुंग लागल्यावर जे चकाकणारे खडे सापडतात आणि ज्यांना आपण सरसकट ‘गारगोटी’ म्हणतो, ते अशा रीतीने झालेले आहेत. बंद पोकळी, गरम पाणी आणि पुष्कळ वेळ या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे जी रासायनिक घडण होते तिला जलऔष्णिक घडण म्हणतात.

पुण्याच्या पश्चिमेस, मुळशीच्या वाटेवर पाषाण हे गाव आहे. तेथील टेकडीच्या जुन्या खाणींतून निघालेले हिरवे ॲपोफिलाइट जगभरच्या खनिज-संग्राहकांना ठाऊक आहे. या खनिजाच्या घटनेत पोटॅशियम, कॅल्शियम, सिलिका व पाणी यांबरोबर फ्लोरिनही असते, आणि हिरवा रंग त्यात अल्प प्रमाणात असलेल्या व्हॅनेडियममुळे येतो. आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. दख्खनमधले हेच खनिज एका ठिकाणी टोकदार पिरॅमिडसारखे सापडते, तर दुसऱ्या ठिकाणी जवळजवळ घनाकृती ठोकळ्यासारखे. रासायनिक घटना तीच, आतली अणूंची मांडणी तीच, बाहेरचे रूप मात्र निराळे! नाशिक-सिन्नर रस्त्यावरील मोहदरी परिसरात तर बेसॉल्टच्या पोकळ्यांत फ्लोराइट, म्हणजे कॅल्शियम फ्लोराइड, पिवळसर गोल मण्यांच्या रूपात सापडलेले आहे. आणि हेच फ्लोराइट जगात इतरत्र बहुतेक ठिकाणी स्वच्छ घनाच्या आकारात आढळते. मग आकार ठरविला कोणी? त्या पाण्यात आणखी काय काय विरघळलेले होते, ते किती गरम होते, किती वेगाने निवले, या परिस्थितीने तो ठरविला. प्रयोगशाळेतला रसायनशास्त्रज्ञ हीच परिस्थिती स्वतःच्या हाताने बदलून पाहतो. निसर्गाने अफाट काळ घेऊन जे केले त्याची लहानशी नक्कल तो चोवीस तासांत करतो, एवढाच फरक.

ही नक्कल ज्या भांड्यात होते त्याला ऑटोक्लेव्ह म्हणतात. बाहेर जाड पोलादी नळकांडे, त्यावर आट्यांचे झाकण आणि आत टेफ्लॉनचा पेला, झाकणासह. घरच्या प्रेशर कुकरचा हा थोरला भाऊ, परंतु त्याला शिटी नसते. कुकरमध्ये पाणी सुमारे १२० अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि वाफेचा दाब वातावरणाच्या दुप्पट होतो. ऑटोक्लेव्ह भट्टीत ठेवून १८० अंशांपर्यंत नेला तर आतला दाब वातावरणाच्या दहापट, आणि २०० अंशांवर साधारण पंधरापट होतो. पंधरापट म्हणजे किती याची कल्पना आपल्या तालुक्यातच करता येईल. मुळशी धरणाचे पाणी घाटाखाली भिरा येथील वीजगृहावर सुमारे ५०० मीटर उंचीवरून उतरते. त्या नळाच्या पायथ्याशी पाण्याचा दाब वातावरणाच्या सुमारे पन्नासपट असतो. म्हणजे ओंजळीत मावेल अशा पोलादी डब्यात त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढा दाब कोंडलेला असतो. (ज्या धरणाखाली आपल्या तालुक्यातील गावे गेली आणि ज्याविरुद्ध १९२१ साली सत्याग्रह सुरू झाला, ते धरण येथे केवळ उदाहरणादाखल घेतले आहे, त्याची कहाणी स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

येथेच एक हिशेब प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतः करून पाहावा असा आहे. पाणी तापले की फुगते. २०० अंशांवर ते थंड पाण्याच्या मानाने सुमारे १५ टक्के अधिक जागा घेते. १०० मिलिलिटरच्या पेल्यात ८० मिलिलिटर द्रावण भरले तर तापल्यावर ते सुमारे ९२ मिलिलिटर होईल आणि वर वाफेसाठी थोडी जागा उरेल. ९० मिलिलिटर भरले तर ते सुमारे १०४ होऊ पाहील, आणि पेला तर १०० चाच! वाफेला जागा नाही, पाणी दाबले जात नाही, मग दाब पंधरापटीवर न थांबता एकदम कोठल्या कोठे जातो. म्हणून पेला दोनतृतीयांश ते फार तर चारपंचमांश भरावा, २२० अंशांपुढे टेफ्लॉनचा भरवसा धरू नये, आणि भट्टी बंद केल्यावर ऑटोक्लेव्ह आपोआप थंड होईपर्यंत झाकणाला हात लावू नये. घाईने नळाखाली धरून थंड करण्याची सवय काही ठिकाणी दिसते. ती वाईट आहे.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. स्फटिकाला पैलू का असतात आणि त्यांतले काही पैलू मोठे, काही लहान, काही मुळीच नाहीत, असे का होते?

स्फटिकातले अणू किंवा आयन ठराविक ओळींत, ठराविक अंतरांवर बसलेले असतात. स्फटिक वेगवेगळ्या दिशांनी कापला तर प्रत्येक कापावर दिसणारी मांडणी वेगळी असते. एका पैलूवर आयन दाटीने बसलेले असतात, दुसऱ्यावर विरळ. नवा आयन येऊन चिकटण्याची सोय प्रत्येक पैलूवर सारखी नसते. त्यामुळे प्रत्येक पैलू निरनिराळ्या वेगाने बाहेर सरकतो. आणि येथे एक गोष्ट आहे जी प्रथम ऐकताना उलटी वाटते : जो पैलू वेगाने वाढतो तो शेवटी नाहीसा होतो, आणि जो सावकाश वाढतो तोच मोठा होऊन उरतो. कागदावर एक अष्टकोन काढा. त्याच्या एकाआड एक चार बाजू रोज एक बोट बाहेर सरकवा आणि उरलेल्या चार बाजू रोज अर्धा पेर. चारपाच दिवसांची चित्रे एकात एक काढली म्हणजे दिसेल की वेगवान बाजू दोन्हीकडच्या मंद बाजूंच्या कात्रीत सापडून आखूड होत जातात आणि शेवटी त्यांचा नुसता कोपरा उरतो. अष्टकोनाचा चौकोन होतो, आणि तो मंद बाजूंचा. वर्गात फळ्यावर हे दहा मिनिटांत दाखविता येते. दाखविले जात नाही हे दुर्दैव.

एवढे कळले की आकार-नियंत्रणाचे मर्म हाती आले. ज्या पैलूला मोठे करावयाचे त्याची वाढ अडवावयाची. अडविण्यासाठी द्रावणात असे काही टाकावयाचे की जे त्याच पैलूवर जाऊन बसेल आणि नव्या आयनांना तेथे येऊ देणार नाही.

ही युक्ती फार जुनी आहे. साधे मीठ पाण्यातून जमले तर त्याचे घन होतात. त्याच पाण्यात पुरेसा युरिया विरघळविला तर मिठाचे अष्टफलक, म्हणजे तळाला तळ लावलेल्या दोन चौकोनी पिरॅमिडांसारखे स्फटिक होतात. फ्रान्समधील रोमे द लील या स्फटिकशास्त्रज्ञाने १७८३ साली हे नोंदविले. त्याने युरियाऐवजी मूत्रच वापरले होते! तुरटीचे याच्या उलट आहे. ती सहसा अष्टफलकांत जमते, परंतु द्रावणात थोडा टाकणखार घालून ते अल्कधर्मी केले तर घनाच्या पैलूंना उठाव येतो. या दोन्ही गोष्टी घरच्या पडवीत, काचेच्या चार बरण्यांत, भिंगाच्या साह्याने करून पाहता येतात. मात्र शेतीचा युरिया घेऊ नये. २०१५ पासून आपल्याकडे तो कडुनिंबाच्या तेलाचा लेप देऊनच विकला जातो, आणि तो लेप प्रयोगात विनाकारण ढवळाढवळ करतो. प्रयोगशाळेचा शुद्ध युरिया आणावा.

मिठावरून आता फ्लोराइडवर येऊ. गेल्या काही दशकांत ज्या फ्लोराइडवर जगात सर्वाधिक काम झाले त्याचे नाव सोडियम इट्रियम फ्लोराइड. एक भाग सोडियम, एक भाग इट्रियम आणि चार भाग फ्लोरिन. त्याच्या लोकप्रियतेचे कारण त्याचा प्रकाश आहे. त्यात इट्रियमच्या जागी सुमारे २० टक्के यिटर्बियम आणि २ टक्के एर्बियम घातले तर ही पांढरी पूड डोळ्यांना न दिसणारे ९८० नॅनोमीटरचे अवरक्त किरण शोषून हिरवा व तांबडा प्रकाश देते. एर्बियमऐवजी किंचित थुलियम घातले तर निळा. सर्वसाधारण नियम असा की, पदार्थ जास्त ऊर्जेचा प्रकाश घेतो आणि कमी ऊर्जेचा देतो. ट्यूबलाइटच्या आतली पूड हेच करते. येथे उलट होते. यिटर्बियम एकामागून एक दोन लहान ऊर्जा-पुडकी एर्बियमच्या पदरात टाकते आणि एर्बियम ती एकत्र करून एक मोठे पुडके बाहेर फेकते. १९६६ साली फ्रान्समध्ये फ्रांस्वा ओझेल यांनी आणि त्याच सुमारास सोव्हिएत रशियातील शास्त्रज्ञांनी ही गोष्ट उघडकीस आणली, आणि १९७२ साली अमेरिकेत सोडियम इट्रियम फ्लोराइड हे तिच्यासाठी उत्तम घर असल्याचे दिसून आले. फ्लोराइडच का? कारण त्याच्या स्फटिकजाळीची कंपने मंद असतात. ऑक्साइडच्या जाळीत बरीचशी ऊर्जा कंपनांतून उष्णता होऊन वाया जाते. फ्लोराइडच्या जाळीत एर्बियमला दुसरे पुडके येईपर्यंत पहिले सांभाळून ठेवता येते. नोटा व दस्तऐवजांवरील छुप्या खुणा, पेशींचे निरीक्षण, सौर घटांवरील संशोधन अशा ठिकाणी अशा पुडींचा उपयोग केला जातो किंवा करून पाहिला जात आहे.

हा पदार्थ दोन रूपांत जमतो : घनीय आणि षट्कोनी. घनीय रूप लवकर होते, षट्कोनी रूप टिकाऊ असते आणि प्रकाशही कितीतरी अधिक देते. म्हणून प्रकल्पाचे पहिले उद्दिष्ट षट्कोनी रूप मिळविणे आणि दुसरे त्याचा आकार हवा तसा घडविणे. कृती थोडक्यात अशी. इट्रियम नायट्रेट पाण्यात विरघळवितात. त्यात सोडियम सायट्रेट, म्हणजे लिंबातल्या आम्लाचा क्षार, घालतात. मग सोडियम फ्लोराइडचे द्रावण ओतून चांगले ढवळतात, ऑटोक्लेव्हमध्ये भरतात आणि १८० अंशांवर १२ ते २४ तास ठेवतात. थंड झाल्यावर तळाशी बसलेली पांढरी पूड फिरकीयंत्रात वेगळी करून पाण्याने व अल्कोहोलने धुतात आणि वाळवितात. कृती एवढीच, सगळे रहस्य सायट्रेटमध्ये आहे.

सायट्रेट नसेल तर इट्रियम आणि फ्लोराइड एकमेकांना भेटताक्षणी साका धरतात. असंख्य बीजे एकदम तयार होतात, प्रत्येकाच्या वाट्याला थोडाच माल येतो आणि ओबडधोबड बारीक दाणे मिळतात. सायट्रेटचा आयन इट्रियमला चिमट्यात धरल्याप्रमाणे पकडून ठेवतो. तापमान वाढत जाईल तसतसे तो इट्रियमला थोडेथोडे मोकळे करतो. रेशन दुकानात माल एकदम उघड्यावर टाकला तर जी झुंबड होईल ती, आणि कार्डावर मोजून दिला तर जी रांग लागेल ती, यांत जो फरक, तोच येथे आहे. माल सावकाश येतो, बीजे थोडी होतात, प्रत्येक स्फटिकाला वाढायला वेळ मिळतो. पहिल्या तासा-दोन तासांत बहुधा घनीय रूपाचे बारीक गोळे होतात. पुढे ते पुन्हा विरघळून त्यांच्यातूनच षट्कोनी स्फटिक उभे राहतात. आधी अस्थिर रूप आणि मग स्थिर, या क्रमाचा नियम विल्हेल्म ओस्टवाल्ड याने १८९७ साली मांडला होता.

सायट्रेटचे दुसरे काम अडविण्याचे. षट्कोनी स्फटिकाला वर-खाली दोन षट्कोनी टोपणे आणि बाजूला सहा आयताकार भिंती असतात. सायट्रेट टोपणांवर बसले तर उंची वाढत नाही, स्फटिक रुंद होतो आणि पापडासारखी चकती मिळते. टोपणे मोकळी राहिली तर स्फटिक उंच होतो आणि पेन्सिलीच्या तुकड्यासारखी कांडी मिळते. सायट्रेट किती घातले यावरून चकती की कांडी हे बरेचसे ठरते.

पीएचचा परिणामही येथेच कळतो. सायट्रिक आम्लाला तीन आम्ल-हायड्रोजन असतात आणि ते सुमारे ३.१, ४.८ व ६.४ या पीएचच्या आसपास एकेक करून सुटतात. पीएच ७ असेल तर सायट्रेटच्या चिमट्याचे तिन्ही दात उघडे असतात. पीएच ३ असेल तर बहुतेक मिटलेले. पकडही ढिली आणि पैलूवर बसणेही कमी. शिवाय पीएच ३ च्या आसपास फ्लोराइडचा मोठा भाग हायड्रोफ्लोरिक आम्लाच्या रूपात बांधला जातो, म्हणजे मोकळा फ्लोराइडही कमी होतो. दुसऱ्या टोकाला, द्रावण फार अल्कधर्मी केले तर हायड्रॉक्साइड फ्लोराइडशी स्पर्धा करू लागतो आणि नको असलेला इट्रियम हायड्रॉक्साइड मध्ये शिरतो. पीएच हा एकच आकडा बदलला तरी तीन गोष्टी एकदम बदलतात, हे ध्यानात ठेवावे. सोडियम फ्लोराइडच्या जागी अमोनियम फ्लोराइड किंवा सोडियम फ्लोरोबोरेट घेतले तरी आकार बदलतात. चीनमधील चांगचुन येथील प्रयोगशाळेने २००७ च्या सुमारास पीएच आणि फ्लोराइडचा स्रोत पद्धतशीर बदलून कांड्या, चकत्या, नळ्या अशी रूपांची मालिकाच मिळविली. २०१० साली सिंगापूरच्या शास्त्रज्ञांनी तर गॅडोलिनियमचे आयन मिसळून रूप आणि आकारमान दोन्ही एकाच वेळी वळविता येतात हे दाखविले. अधिक मोठे आयन जाळीत शिरले की षट्कोनी रूप सोपे होते.

येथे आम्हाला एक स्पष्ट मत नोंदवावेसे वाटते. या विषयावरच्या अनेक शोधनिबंधांत ‘सायट्रेट अमुक पैलूवर निवडून बसते, म्हणून अमुक आकार मिळाला’ असे वाक्य ठरल्याप्रमाणे येते. ते खरे असेलही. परंतु पुष्कळदा ते आकार पाहिल्यानंतर लिहिलेले असते, पैलूवर सायट्रेट मोजून नव्हे. आकार चकतीचा आला म्हणून टोपणावर सायट्रेट बसले असले पाहिजे, आणि टोपणावर सायट्रेट बसले म्हणून आकार चकतीचा आला : हा पुरावा नव्हे, हा फेरा आहे. तथागतांनी कालाम लोकांना जे सांगितले ते आपल्या घराघरांत ठाऊक आहे. परंपरेने चालत आले म्हणून किंवा ग्रंथात लिहिले आहे म्हणून स्वीकारू नका. छापील शोधनिबंधालाही तोच न्याय लावावा. सायट्रेटचे प्रमाण शून्यापासून टप्प्याटप्प्याने वाढवीत, बाकी सर्व गोष्टी तशाच ठेवून निदान पाच प्रयोग करावेत. प्रत्येक प्रयोग दोनदा करावा. एक-दोन तासांनी भट्टीतून काढलेला नमुनाही तपासावा. मग जे दिसेल ते लिहावे, अपेक्षेप्रमाणे नसले तरी. एम.एस्सी.च्या प्रकल्पात नवा शोध लागला नाही तरी चालते, पण असा हिशेबी प्रयोग करता आला पाहिजे.

स्फटिक पाहावयाचा कसा, हा पुढचा प्रश्न. आकाराची छायाचित्रे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने घेतात, आणि हे यंत्र ग्रामीण महाविद्यालयात नसते. आमच्या पाहण्यात आलेले पुष्कळ विद्यार्थी येथेच खचतात. परंतु हे स्फटिक ५ ते १० मायक्रॉनचे असतील, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे, तर जीवशास्त्र विभागातल्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली चारशेपट वर्धनाने त्यांचा षट्कोनी आकार ओळखता येतो. काचपट्टीवर एक थेंब पाणी, त्यात कणभर पूड, वर झाकणकाच, बस्स. दहा नमुने आधी असे पाहावेत आणि त्यांतले उत्तम दोन-तीन तेवढे मोठ्या यंत्राकडे न्यावेत. पैसे आणि खेपा दोन्ही वाचतात. रूप घनीय की षट्कोनी याचा निर्णय मात्र डोळ्याने होत नाही, त्याला क्ष-किरण विवर्तन लागते.

धोक्याविषयी आता सविस्तर लिहितो, कारण प्रयोगाच्या उत्साहात तेच वाचायचे राहते. सोडियम फ्लोराइड विषारी आहे. त्याहून मोठा धोका असा की, पीएच कमी करण्यासाठी फ्लोराइडच्या द्रावणात नायट्रिक आम्ल घातले की बाटली न उघडताही हायड्रोफ्लोरिक आम्ल आपल्या पेल्यात तयार होते. अमोनियम बायफ्लोराइड घेतले तरी तोच धोका आहे. हे आम्ल काच खाते, म्हणून काचेचे चंबू वापरू नयेत. त्वचेवर पडले तर सौम्य द्रावणाने लगेच आग होत नाही, काही तासांनी होते, आणि तोवर फ्लोराइड आत शिरून शरीरातले कॅल्शियम पकडू लागलेला असतो. अधिक प्रमाणात ते जिवावर बेतते. म्हणून हातमोजे, चष्मा, वायुवीजन कपाट आणि हाताशी कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल या चार गोष्टी नसतील तर पीएच कमी करण्याचा प्रयोग करूच नये. ‘आमच्याकडे तशी सोय नाही, सांभाळून कर’ असे मार्गदर्शकाने सांगितले तर नम्रपणे नाही म्हणावे आणि उदासीन द्रावणातला प्रयोग मागून घ्यावा. आपल्या मुलांना नाही म्हणणे जड जाते, हे आम्ही जाणतो. प्रवेश मिळाला हेच पुष्कळ, आता तक्रार कशाला, अशी एक दडपण्याची भावना असते. परंतु सुरक्षितता ही मेहेरबानी नव्हे. ९८० नॅनोमीटरचा लेसरही असाच फसवा आहे. डोळ्याला दिसत नाही म्हणून पापणी मिटत नाही, आणि नेत्रपटल भाजते. त्यासाठीचा खास चष्मा घातल्याशिवाय तो सुरू करू नये.

उरलेले पाणी कोठे जाते? पूड धुतल्यावरचे पाणी मोरीत ओतले तर ते नाल्यात आणि नाल्यातून नदीत जाणार. मुळशीच्या धरणातून निघणारी मुळा नदी पुणे शहरातून वाहते. फ्लोराइडयुक्त पाण्यात चुना घातला की कॅल्शियम फ्लोराइड तळाशी बसते, एवढे पाठ्यपुस्तकात असते. त्यापुढचा हिशेब सहसा नसतो. कॅल्शियम फ्लोराइड स्वतःही किंचित विरघळते, लिटरला सुमारे १६ मिलिग्रॅम, आणि त्यातला जवळजवळ निम्मा भाग फ्लोराइडचा असतो. म्हणजे साका बसल्यावरही पाण्यात लिटरला सुमारे ८ मिलिग्रॅम फ्लोराइड उरू शकतो. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा १ मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५. तेव्हा कॅल्शियम क्लोराइड जास्तीचे घालावे, पाणी निवळू द्यावे आणि घातक कचऱ्याच्या डब्यात वेगळे जमा करावे.

ही मर्यादा कागदी नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांतील कित्येक गावांत विंधन विहिरींच्या पाण्यातच खडकातला फ्लोराइड उतरतो. मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे येतात, आणि वर्षानुवर्षे तेच पाणी पिणाऱ्यांचे सांधे व पाठ ताठ होऊन माणूस वाकतो. कष्टकऱ्याला दुसरे पाणी विकत घेता येत नाही, म्हणून हा रोग गरिबाच्या घरी अधिक मुक्काम करतो. नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने तुरटी आणि चुना यांनी पाण्यातला फ्लोराइड काढण्याची जी पद्धत बसविली ती ‘नालगोंडा पद्धत’ या नावाने प्रसिद्ध आहे. आपला मुळशीचा बेसॉल्ट या बाबतीत बराच निरुपद्रवी, हे आपले नशीब. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या तळ्यावर पाण्याचा हक्क बजावणाऱ्या समाजाच्या मुलांनी पाण्यातल्या फ्लोराइडचे रसायन शिकावे, यात आम्हाला मोठे औचित्य वाटते. स्फटिक कसे बसतात हे ज्याला कळले, त्याला फ्लोराइड पाण्यातून बाहेर कसा काढावा हेही अर्धे कळले.

शेवटी सोयींविषयी थोडेसे. बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले तेव्हा ते कला आणि विज्ञान या दोन्ही शाखांचे काढले, हे आपण विसरतो. मुळशीच्या विद्यार्थ्याला तर विज्ञानाचे माहेरच जवळ आहे. पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा जानेवारी १९५० मध्ये सुरू झाली आणि झिओलाइट जातीचे उत्प्रेरक जलऔष्णिक पद्धतीने घडविण्यात तिने नाव मिळविले. ‘एन्सिलाइट’ हे तिच्या उत्प्रेरकांचे नाव उद्योगांत गाजले. तिच्या शेजारीच २००६ साली स्थापन झालेली ‘आयसर’ ही संस्था आहे. मोठी यंत्रे बाहेरच्या विद्यार्थ्यांनाही शुल्क भरून वापरता यावीत म्हणून २०२० साली केंद्र सरकारने ‘आय-स्टेम’ ही देशव्यापी नोंदणी-व्यवस्था सुरू केली. कोणत्या संस्थेत कोणते यंत्र आहे ते तेथे पाहता येते. पुढे पीएच.डी. करणाऱ्यांसाठी पुण्यातच ‘बार्टी’ची अधिछात्रवृत्ती आहे, तिची जाहिरात निघाली की कागदपत्रांसाठी दिवस थोडे मिळतात, म्हणून जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र आधीच तयार ठेवावे.

यंत्राकडे नमुना नेताना तो पूर्ण वाळलेला असावा. लहान कुपीत चिमूटभर पुरतो. कुपीवर तारीख, तापमान, तास, पीएच आणि सायट्रेटचे प्रमाण पेन्सिलीने लिहावे, कारण शाई अल्कोहोलने पुसली जाते. आणि यंत्रचालकाला छायाचित्र केवळ सुंदर स्फटिकाचे मागू नये. कमी वर्धनाचे, शंभरेक स्फटिक एकदम दिसतील असेही एक मागावे, म्हणजे चकत्या किती आणि कांड्या किती हे मोजता येते.